दोन लाखांचा देखणा गेमिंग लॅपटॉप: संशोधक विद्यार्थ्याने घ्यावा का?

पीएचडीला नाव नोंदलं, फेलोशिप सुरू झाली, किंवा कित्येक महिने रखडलेली रक्कम एकदम खात्यात आली, की बहुतेकांची पहिली मोठी खरेदी ठरलेली असते: लॅपटॉप. आणि हल्ली तो प्रश्नही साधारण एकाच साच्यात येतो. "काम मशीन लर्निंगचं आहे, म्हणजे ग्राफिक्स कार्ड लागणारच. मग घ्यायचाच तर चांगला घेऊ ना! रेझर ब्लेड, नाहीतर आसुसचा आरओजी झेफिरस. महाग आहेत, पण दिसतात काय भारी. घेऊ का?"

आधी रकमेकडे बघा. यूजीसीची जेआरएफ जानेवारी २०२३ पासून महिना ३७,००० रुपये आहे, घरभाडं वेगळं. असा लॅपटॉप दोन-सव्वादोन लाखांच्या घरात जातो. ३७,००० गुणिले ६ म्हणजे २,२२,०००. म्हणजे मेस, प्रवास, घरी पाठवायचे पैसे, सगळं शून्य धरलं तरी सहा महिन्यांची फेलोशिप एका वस्तूत. "आवडला म्हणून घेतला" असं म्हणून सोडून देण्याइतकी ही रक्कम लहान नाही.

एरवी आपण या ब्लॉगवर संशोधनाचा प्रश्न कसा मांडायचा, पुरावा कसा वाचायचा यावर बोलतो. आज तेच या खरेदीला लावून बघू. माझं उत्तर आधीच सांगून टाकते: तुमच्यापैकी बहुतेकांनी हा लॅपटॉप घेऊ नये. पण ही यंत्रं वाईट आहेत म्हणून नाही. ज्या गोष्टीचे जादा पैसे तुम्ही मोजता, ती गोष्ट तुमच्या कामाला लागणाऱ्या गोष्टींच्या वाट्यातून कापली जाते, आणि ही कपात खोक्यावर लिहिलेली नसते, म्हणून.

आधी प्रश्न नीट करू

"पैसे वसूल होतात का?" हा प्रश्न अर्धवट आहे. त्यात तीन जागा रिकाम्या आहेत: कोणाचे, कशाच्या तुलनेत आणि किती वर्षांत. यूट्यूबवर यावर जे वाद चालतात, त्यातले निम्मे या तीन जागा प्रत्येकाने आपापल्या मनाने भरल्यामुळे चालतात. अमेरिकेत नोकरी करणारा, रात्री दोन तास खेळणारा माणूस "वसूल" म्हणतो तेव्हा तो खोटं बोलत नसतो. तो तुमच्या प्रश्नाचं उत्तर देत नसतो, एवढंच.

आपण जागा भरून घेऊ. कोणाचे? फेलोशिपवर जगणाऱ्या विद्यार्थ्याचे. किती वर्षांत? पीएचडी संपेपर्यंत, म्हणजे चार ते पाच. कशाच्या तुलनेत? इथे दोन पर्याय धरायला हवेत. पहिला, त्याच नावाचं ग्राफिक्स कार्ड असलेला साधा, जाडजूड, प्लास्टिकचा गेमिंग लॅपटॉप, जो बऱ्याचदा जवळपास निम्म्या किमतीत मिळतो. दुसरा, ग्राफिक्स कार्ड नसलेला हलका लॅपटॉप आणि मोठं गणित करायला बाहेरचं यंत्र. या दुसऱ्या पर्यायाचा विचार फार कमी जण करतात.

जादा पैसे जातात कुठे?

देखण्या गेमिंग लॅपटॉपची गोष्ट साधारण २०११ पासून सुरू करता येते. रेझर ही गेमिंगचे माउस विकणारी कंपनी. तिने त्या वर्षी ऑगस्टमध्ये पहिला ब्लेड जाहीर केला: १७ इंची पडदा, जाडी इंचाहून कमी, किंमत सुमारे २,८०० डॉलर. त्या काळी गेमिंग लॅपटॉप म्हणजे वीट असायची, त्यामुळे हे मोठं धाडस होतं. पण आत बसवलेली ग्राफिक्स चिप होती जीटी ५५५ एम, म्हणजे मधल्या फळीतली. त्याच पैशांत, किंवा त्याहून कमीत, जाड लॅपटॉपमध्ये याहून जोरदार चिप मिळत होती. ज्या तक्रारीवर आपण आज बोलतोय, ती या प्रकाराच्या जन्मापासूनची आहे.

२०२० च्या जानेवारीत आसुसने झेफिरस जी १४ आणला. १४ इंच, वजन साधारण १.६ किलो. त्याच्या एका आवृत्तीत झाकणावर साडेसहा हजारांहून अधिक बारीक छिद्रं पाडलेली होती आणि त्यांतल्या बाराशेच्या वर छिद्रांमागे छोटे दिवे होते, चित्रं आणि अक्षरं दाखवायला. २०२४ मध्ये त्याचं रूप पालटलं: ॲल्युमिनियमच्या ठोकळ्यातून कोरलेला देह, ओलेड पडदा, झाकणावर एक तिरकी प्रकाशरेघ. आणि रॅम मदरबोर्डवर कायमची डकवलेली. हे शेवटचं वाक्य लक्षात ठेवा, त्याच्याकडे परत येणार आहे.

या सगळ्याला खर्च येतो आणि तो खोटा नाही. साच्यात ओतलेल्या प्लास्टिकपेक्षा धातूचा ठोकळा यंत्रावर कोरणं महाग पडतं. ट्रॅकपॅड चांगला असतो, पडद्याचे रंग अचूक असतात, झाकण एका बोटाने उघडतं, की-बोर्ड दाबला तर मधे खचत नाही. तुम्ही दिवसाचे दहा तास या वस्तूसमोर बसणार असाल तर या गोष्टींना किंमत आहेच. "देखावा म्हणजे नुसता देखावा" असं म्हणणं सोपं आहे, पण ते खरं नाही.

मात्र रकमेचं प्रमाण बघा. २०२३ च्या जानेवारीत एनव्हिडियाने आरटीएक्स ४०५० ते ४०७० असलेले लॅपटॉप ९९९ डॉलरपासून आणि ४०८०-४०९० असलेले १,९९९ डॉलरपासून मिळतील असं जाहीर केलं. त्याच वर्षीच्या ब्लेड १६ ची किंमत सुरूच होत होती २,७०० डॉलरला. हा फरक केवळ गणनशक्तीचा असता तर प्रश्नच नव्हता. तो तसा आहे का, ते पुढे बघू.

नाव एक, यंत्रं वेगळी

खोक्यावर "आरटीएक्स ४०९०" लिहिलंय म्हणजे आत काय आहे? डेस्कटॉपच्या ४०९० मध्ये १६,३८४ गणन-गाभे आहेत, २४ जीबी स्मृती आहे आणि ते ४५० वॅटपर्यंत वीज खातं. लॅपटॉपच्या ४०९० मध्ये ९,७२८ गाभे, १६ जीबी स्मृती आणि ८० ते १५० वॅट. ही मुळात वेगळीच चिप आहे, डेस्कटॉपच्या ४०८० मध्ये जी बसते ती. नाव मात्र तेच. शोधनिबंधात असं कोणी केलं, म्हणजे दोन वेगळ्या चलांना एकच चिन्ह दिलं, तर परीक्षक पहिल्याच वाचनात परत पाठवेल.

पुढचा घोळ याहून बारीक आहे. लॅपटॉपचं ४०६० हे ३५ वॅटवरही चालू शकतं आणि ११५ वॅटवरही. किती वॅट द्यायचे ते लॅपटॉप बनवणारी कंपनी ठरवते, आणि ते तिच्या हातात फार नसतंच, कारण जितके वॅट आत घालाल तितकी उष्णता बाहेर काढावी लागते. जाड लॅपटॉपमध्ये मोठे पंखे, जाड तांब्याच्या नळ्या आणि हवेला जागा असते. पातळ लॅपटॉपमध्ये हे सगळं आक्रसतं. म्हणून एकाच नावाचं कार्ड असलेला महाग लॅपटॉप स्वस्त लॅपटॉपपेक्षा हळू चालणं अगदी शक्य असतं. पूर्वी कमी वॅटच्या चिपला "मॅक्स-क्यू" अशी वेगळी शेपटी असायची, त्यामुळे निदान कळायचं तरी. २०२१ मध्ये ३० मालिकेच्या वेळी एनव्हिडियाने ती शेपटी तशी वापरणं बंद केलं. आता वॅटचा आकडा कंपनीच्या संकेतस्थळावर, तपशिलांच्या तक्त्यात तळाशी शोधावा लागतो. शोधाच.

इथे न्यायाने एक गोष्ट सांगायला हवी. चिपची वीज साधारणपणे वारंवारता गुणिले व्होल्टेजचा वर्ग या प्रमाणात वाढते, आणि वारंवारता वाढवायची तर व्होल्टेजही वाढवावं लागतं. म्हणजे शेवटच्या दहा टक्के वेगासाठी खूप जास्त वीज जळते. उलट बाजूने बघितलं तर वॅट निम्मे केले म्हणून वेग निम्मा होत नाही, त्याहून कमी घटतो. म्हणून पातळ लॅपटॉपमध्ये मधल्या फळीतलं कार्ड बसवणं हा ठीक सौदा असतो. त्याच पातळ देहात सगळ्यात वरचं कार्ड बसवणं हा वाईट सौदा, कारण ज्या मोठ्या चिपचे पैसे दिले तिला पोटभर वीजच मिळत नाही. आणि गंमत अशी, की जाहिरातीत झळकतो तो नेमका हा दुसरा सौदा.

वीज आणि बॅटरी यांचं गणितही करून टाका. विमानात विनापरवानगी नेता येणाऱ्या बॅटरीची मर्यादा १०० वॅट-तास असल्याने लॅपटॉपच्या बॅटऱ्या त्याच्या आतच थांबतात. ९० वॅट-तासांची बॅटरी आणि पूर्ण जोरात १५० वॅट खाणारं यंत्र धरलं तर ९० भागिले १५०, म्हणजे ३६ मिनिटं. हे टाळण्यासाठी लॅपटॉप बॅटरीवर असताना ग्राफिक्स कार्डचा वेग स्वतःच खाली आणतात. म्हणजे ज्या शक्तीचे पैसे दिले, ती फक्त प्लगपाशी मिळते. "हलका आहे, कुठेही नेता येतो" याचा खरा अर्थ "एका प्लगपासून दुसऱ्या प्लगपर्यंत नेता येतो", आणि सोबत विटेएवढा चार्जर.

परीक्षणं कशी वाचायची

आता पुराव्याकडे वळू. तुम्ही दहा व्हिडिओ बघितलेत, सगळे म्हणतात "जबरदस्त". हा पुरावा किती वजनाचा आहे? संशोधनपद्धतीच्या तासाला जे शिकलात ते इथे जसंच्या तसं लागू पडतं.

एक, नमुन्याचा आकार. प्रत्येक परीक्षणात एकच लॅपटॉप तपासलेला असतो, आणि तो अनेकदा कंपनीने पाठवलेला. एकाच कारखान्यातल्या दोन चिपसुद्धा सारख्या नसतात, चिपवरचा उष्णतावाहक लेपही कधी नीट बसतो, कधी बसत नाही. एका नमुन्यावरून दोन-तीन टक्क्यांचा फरक सांगणारा आलेख दिसला तर त्या फरकाला अर्थ नाही असं धरून चाला.

दोन, मोजमापाचा कालावधी. तीन मिनिटांच्या चाचणीत पातळ लॅपटॉपही सुसाट धावतो, कारण धातू अजून तापायचा असतो. तुमचं मॉडेल प्रशिक्षणाला लावलंत की ते तीन तास चालणार. पहिल्या दहा-पंधरा मिनिटांनंतर वेग कुठे स्थिरावतो हा तुमचा आकडा. म्हणून एकच चाचणी सलग अनेकदा चालवून काढलेला आलेख ज्या परीक्षणात असेल, ते परीक्षण वाचा. नसेल तर त्यातला वेगाचा भाग सोडून द्या.

तीन, परिस्थिती. ही चाचणी कुठे झाली? बहुधा २२-२३ अंशांच्या वातानुकूलित खोलीत. तुम्ही वापरणार कुठे? मे महिन्यात नागपूरच्या किंवा जळगावच्या होस्टेलमध्ये, जिथे बाहेर ४४ आणि खोलीत ३८. आत येणारी हवाच १५ अंशांनी गरम असेल, तर त्याच वेगाला आतलं तापमानही साधारण तेवढंच वर सरकतं. पण प्रोसेसर १०० अंशांच्या आसपास पोचला की स्वतःला हळू करतो. आधीच ९० वर चालणाऱ्या पातळ लॅपटॉपकडे ही १५ अंशांची सवड नसते. परीक्षणातला निष्कर्ष तिथल्या खोलीपुरता खरा आहे, तुमच्या खोलीत तो लागू होईलच असं नाही. याला आपण बाह्य वैधता म्हणतो, आणि परीक्षेत व्याख्या लिहिणारे आपण खरेदी करताना ती हमखास विसरतो.

चार, काय मोजलं? बहुतेक आलेख सेकंदाला किती चौकटी दिसतात ते दाखवतात. खेळायचं असेल तर ते ठीक. तुमच्या प्रबंधात तो आकडा कुठेच येणार नाही.

पाच, कधी मोजलं? बाजारात आल्याच्या आठवड्यात. बिजागरी सैल होणं, बॅटरी फुगणं, पंख्यात धूळ बसून आवाज वाढणं हे सगळं दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी होतं, तेव्हा परीक्षकाच्या टेबलावर दुसरा लॅपटॉप असतो.

मग ग्राहकांच्या प्रतिक्रिया वाचायच्या का? वाचा, पण दोन्ही बाजूंचा पूर्वग्रह लक्षात घेऊन. ज्याचा लॅपटॉप बिघडला तो तावातावाने लिहितो, ज्याचा नीट चाललाय तो कशाला लिहील? आणि ज्याने अडीच लाख मोजलेत, त्याला आपण चुकलो असं स्वतःशीही कबूल करणं जड जातं. त्यामुळे "सगळ्यांचेच बिघडतात" आणि "आयुष्यातली सर्वोत्तम खरेदी" ही दोन्ही वाक्यं सारख्याच सावधपणे घ्यायची. उपयोगी पडतात त्या तपशीलवार तक्रारी: कोणता भाग, कितव्या महिन्यात, दुरुस्तीला किती दिवस.

तुमचं काम काय मागतं?

हा या लेखाचा गाभा आहे. "ग्राफिक्स कार्ड लागणारच" हे गृहीतक आपण अजून तपासलेलंच नाही.

मानव्यविद्या, समाजशास्त्रं, वाणिज्य, शिक्षणशास्त्र, आणि सर्वेक्षणाचा विदा आर किंवा एसपीएसएसमध्ये तपासणारे सगळे: तुम्हाला वेगळं ग्राफिक्स कार्ड लागत नाही. लागतो तो चांगला पडदा, न दुखणारा की-बोर्ड, १६ जीबी रॅम आणि दिवसभर टिकणारी बॅटरी. गेमिंग लॅपटॉप यातल्या शेवटच्या गोष्टीत हमखास मार खातो.

मशीन लर्निंगवाले: तुमची खरी अडचण वेग नसते, ग्राफिक्स कार्डवरची स्मृती असते. कार्ड हळू असेल तर प्रशिक्षण दोन तासांऐवजी चार तास चालेल, रात्री लावून झोपा. स्मृती कमी पडली तर प्रोग्राम सुरूच होत नाही. आता हिशेब करा. नेहमीच्या पद्धतीने प्रशिक्षण देताना दर प्राचलाला साधारण १६ बाइट लागतात: प्राचल स्वतः, त्याचा उतार, आणि ॲडम या पद्धतीला लागणाऱ्या नोंदी. बर्टच्या मूळ आवृत्तीत ११ कोटी प्राचलं आहेत, म्हणजे पावणेदोन जीबीच्या आसपास, वर मधल्या गणिताची जागा. मराठी मजकुरावर काम करणाऱ्यांच्या ओळखीचं महाबर्ट याच कुळातलं. हे ८ जीबीच्या कार्डावर आरामात होतं. आता ७०० कोटी प्राचलांचं भाषाप्रतिमान घ्या. ते १६-बिटमध्ये नुसतं उघडायलाच १४ जीबी, आणि पूर्ण प्रशिक्षण द्यायचं तर ११२ जीबी. हे ८ जीबीत बसत नाही, १६ जीबीतही बसत नाही. चार-बिटमध्ये आकुंचन करून, थोडीच प्राचलं बदलून काम भागवायच्या युक्त्या आहेत, त्या छोट्या कार्डावरही खेचून-ताणून चालतात.

आता यादी बघा. लॅपटॉपच्या ४०६० ला ८ जीबी, ४०७० लाही ८ जीबी. २०२५ मध्ये आलेल्या ५०६० आणि ५०७० लाही ८ जीबीच. म्हणजे एक पायरी वर चढलात, पैसे वाढले, आणि ज्या गोष्टीवर तुमचं काम अडतं ती जागची हलली नाही. साध्या देहातलं ४०६० आणि कोरलेल्या धातूतलं ४०७० यांपुढे तुमचं प्रतिमान अगदी त्याच ओळीवर "स्मृती संपली" असा संदेश देणार.

भौतिकी, रसायन, हवामान, अभियांत्रिकीतलं सिम्युलेशन करणारे: तुमच्यासाठी तर एक वेगळीच मेख आहे. तुमच्या गणिताला बहुधा दुहेरी अचूकता, म्हणजे ६४-बिट अंक लागतात. गेमिंगच्या कार्डांत ही क्षमता मुद्दाम तोकडी ठेवलेली असते. ४०६० आणि ४०९० यांच्या पिढीत ६४-बिट गणिताचा वेग ३२-बिटच्या १/६४ आहे. लॅपटॉपच्या ४०६० मध्ये ३,०७२ गाभे, दर ठोक्याला प्रत्येकी २ क्रिया, २ गिगाहर्ट्झ धरले तर सेकंदाला साधारण १२ लाख कोटी क्रिया. त्याला ६४ ने भागा, उरतात १९,००० कोटींच्या आसपास. आता आठ गाभ्यांचा साधा प्रोसेसर घ्या: प्रत्येक गाभा दर ठोक्याला १६ दुहेरी क्रिया, ४ गिगाहर्ट्झ, म्हणजे ५१,००० कोटी. कागदावर तरी साधा प्रोसेसरच ग्राफिक्स कार्डाच्या अडीचपटीहून जास्त पुढे. ज्यांचा प्रोग्राम गणितापेक्षा स्मृतीतून आकडे आणण्यावर अडतो, त्यांना कार्डाचा थोडा फायदा होईल. पण "सिम्युलेशनसाठी गेमिंग लॅपटॉप हवा" असं कोणी सांगितलं, तर आधी विचारा: अंक किती बिटचे?

मोठं गणित लॅपटॉपवरच कशाला?

संशोधनातलं जड गणित बहुतांशी खोलीत होत नाही. विभागात एक सर्व्हर असतो, संस्थेत क्लस्टर असतं. २०१५ मध्ये मंजूर झालेल्या राष्ट्रीय सुपरकॉम्प्युटिंग मिशनखाली देशभरातल्या संस्थांत परम मालिकेची यंत्रं बसली आहेत, पुण्याच्या आयसरमधलं परम ब्रह्म हे त्यातलंच. १९९१ मध्ये ज्या शहरात सी-डॅकने परम ८००० बांधला, तिथल्या विद्यार्थ्याने दीडशे वॅटच्या लॅपटॉपवर हवामानाचं प्रतिमान चालवायचा हट्ट धरावा, हे जरा विचित्रच. तुमच्या संस्थेत यंत्र नसलं तरी मार्गदर्शकांमार्फत अर्ज करून दुसरीकडे वेळ मिळू शकतो. अर्जाला वेळ लागतो, रांग असते, हे खरं. म्हणून तो अर्ज लॅपटॉपच्या आधी करा.

मधल्या काळासाठी गूगल कोलॅबवर मोफत मिळणारं कार्ड बहुधा टी ४ असतं, १६ जीबीचं. कॅगलवर आठवड्याला साधारण ३० तास मिळतात. मोफत आहे, म्हणून हमी नाही, मध्येच तुटतं. प्रशिक्षणाची स्थिती अधूनमधून साठवून ठेवायची सवय लावावी लागते. पण ही सवय संशोधकाला तशीही हवीच. आणि स्मृतीचा आकडा बघा: लॅपटॉपच्या ४०६०-४०७० च्या दुप्पट, शून्य रुपयांत.

असं काम करायला लागलात की लॅपटॉप हा दूरच्या यंत्राकडे उघडणारी खिडकी होतो. खिडकीला लागतो चांगला पडदा, चांगला की-बोर्ड आणि इंटरनेट.

दुसऱ्या बाजूचं म्हणणं

"धातूचा आहे, जास्त टिकेल." देह टिकेल, पण लॅपटॉप मरतो तो देहामुळे क्वचितच. बॅटरी, पंखा, की-बोर्ड, रॅम कमी पडणं, यांनी मरतो. आणि देखण्या, बंदिस्त लॅपटॉपमध्ये नेमक्या याच गोष्टी बदलणं अवघड असतं. डकवलेली रॅम आठवते ना? झेफिरस जी १४ मध्ये २०२४ पासून आणि ब्लेड १६ मध्ये २०२५ पासून रॅम डकवलेली येते. आज १६ जीबी घेतलीत, तिसऱ्या वर्षी विदा वाढला, तर उपाय एकच: नवा लॅपटॉप. जाड लॅपटॉपमध्ये मागचे स्क्रू काढून रॅमची पट्टी बदलता येते, तीही गल्लीतल्या दुकानात. शिवाय तुमच्या गावाला किंवा शहराला त्या कंपनीचं अधिकृत सर्व्हिस सेंटर आहे का, की कुरिअरने पाठवून तीन आठवडे वाट बघायची, हे घेण्याआधी फोन करून विचारा. सादरीकरण चार दिवसांवर असताना तीन आठवडे फार असतात.

"मी खेळतोही." खेळा की! पीएचडीत खेळायला बंदी नाही, उलट डोकं ताळ्यावर राहतं. पण मग हिशेबात खेळाचे पैसे खेळाच्या खात्यात टाका, संशोधनाच्या खात्यात नको. "संशोधनाला लागतो" असं घरी आणि स्वतःला सांगून खेळाचं यंत्र घेतलं की पुढे प्रत्येक रिकाम्या संध्याकाळी अपराधी वाटतं. त्यापेक्षा साध्या जाड लॅपटॉपवर तोच खेळ तितकाच छान चालतो.

"प्रकल्पाच्या पैशातून घेतोय, माझे कुठे जातायत?" मग तो तुमचा नाहीच. तो विभागाच्या डेडस्टॉक रजिस्टरला चढणार आणि पीएचडी झाली की परत द्यावा लागणार. तेव्हा त्यावर मन लावून बसू नका. आणि त्याच रकमेत विभागाला २४ जीबीच्या कार्डाचा एखादा जुना-नवा डेस्कटॉप जमतो का ते मार्गदर्शकांशी बोलून बघा, तो तुमच्यानंतरच्या चौघांना उपयोगी पडेल.

मग घ्यावा कोणी?

ज्याला रोज प्रवास आहे, म्हणून वजन खरंच नडतं. ज्याचं काम मधल्या आकाराच्या प्रतिमानांचं किंवा त्रिमितीय चित्रांचं आहे, जे ८ ते १६ जीबीत बसतं आणि इंटरनेट नसलेल्या ठिकाणी करावं लागतं. उदाहरणार्थ, जंगलातल्या कॅमेऱ्यांची चित्रं तिथल्या तिथे छाननारा, किंवा उत्खननाच्या जागी प्रकाशचित्रांतून त्रिमितीय आराखडा उभा करणारा. ज्याच्या रंगांच्या अचूकतेवर काम अवलंबून आहे. आणि ज्याच्या हातात ही रक्कम गेल्याने सहा महिन्यांचं जगणं अडत नाही. चारही गोष्टी जुळत असतील तर मधल्या फळीतलं कार्ड, जास्तीत जास्त रॅम, असा देखणा लॅपटॉप घ्या आणि मजेत वापरा. सगळ्यात वरचं कार्ड मात्र पातळ देहात तेव्हाही नको.

बाकीच्यांनी खरेदीआधी अर्धं पान लिहावं. पुढच्या वर्षभरात चालवायचे तीन प्रोग्राम कोणते? त्यांना किती स्मृती लागते, अंक किती बिटचे? त्यातलं काय संस्थेच्या यंत्रावर किंवा मोफत कार्डावर होऊ शकतं? उरलेल्याला कमीत कमी काय पुरेल? आणि त्या लॅपटॉपच्या कार्डाला कंपनी किती वॅट देते?

या पाच प्रश्नांची उत्तरं आत्ता देता येत नसतील, तर खरेदी दोन महिने पुढे ढकला आणि तोवर मिळेल त्या यंत्रावर काम सुरू करा. दोन महिन्यांत तुमचा प्रोग्राम कुठे अडतो ते तुम्हाला आपोआप कळेल, आणि ते कळलं की कोणता लॅपटॉप घ्यायचा हे विचारायला तुम्ही इथे परत येणार नाही.